खालच्या शेतातलं पिवळं कडं

प्रिय इंगेबोर्गताईस,

तुझ्या पाठच्या भावाचा, हाल्वोरचा, मनापासून नमस्कार. पत्राला एवढा उशीर झाला म्हणून आधी कान पकडतो. तुझं पत्र ईस्टरला आलं आणि आता सोयाबीन पानं गाळून उभं आहे, म्हणजे मधे सबंध उन्हाळा गेला. आळस म्हणू नकोस. दर रविवारी जेवण झालं की मी कागद घेऊन बसत होतो, पण काय लिहावं आणि काय लिहू नये हेच ठरत नव्हतं. तुझा दमा कसा आहे? समुद्राची हवा दम्याला चांगली असं माझी सून आर्डिस सांगते, पण तिने समुद्र पाहिलेला नाही. माझा गुडघा आहे तसाच. सकाळी छातीत काहीतरी फडफडतं. डॉक्टर म्हणतात, वारा धरलाय. मला नाही वाटत वारा.

आता कामाचं. खालचा तुकडा, जो वडिलांनी तुझ्या नावावर केला, तिथे माझ्या मुलाला, लव्हर्नला, निचऱ्याच्या नव्या नळ्या घालायच्या आहेत. वडिलांनी तळं आटवायला घातलेल्या भाजक्या मातीच्या नळ्या आता जागोजाग खचल्या आहेत. वसंतात पाणी तुंबतं, बदकं उतरतात, आणि लव्हर्नचा ट्रॅक्टर रुतला की तो जे बोलतो ते मी इथे लिहीत नाही. नळ्या पुरायचं यंत्र जमीन गोठायच्या आत येणार आहे. तुझा होकार हवा. एक ओळ लिहून पाठव, झालं. लव्हर्न कष्टाळू आहे, त्याचं म्हणणं बरोबर आहे, मीही तेच म्हणतो.

पण त्या तुकड्याने वर्षभर माझी जी शोभा केली, ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. तुला आठवत असेल, तिथली माती वर काळीभोर, ओली असली की बुटाला धरून बसणारी, आणि वाळली की राखेसारखी पांढुरकी. जुन्या तळ्याच्या काठाकाठाने सोयाबीन दर वर्षी पिवळं पडतं. पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या, आजारी माणसाच्या हातासारख्या. माळ्यावरून पाहिलं तर सबंध तळ्याचं कडं दिसतं. पाणी जाऊन इतकी वर्षं झाली, पण तळ्याला अजून आपला आकार पाठ आहे.

मागच्या शरद ऋतूत चर्चच्या तळघरात मातीवर बोलायला एक शिकलेला तरुण आला होता. कॉफी होती, बटाट्याच्या लेफ्से पोळ्या होत्या, म्हणून मीही गेलो. तो म्हणाला, एके काळी इथे डोंगराएवढा बर्फ होता. त्याने उत्तरेकडून दगड, चिकणमाती, चुनखडी असं सगळं दळत दळत आणलं आणि वितळताना इथेच टाकून तो निघून गेला. (निघून गेला म्हणे. सामान ठेवून गेलेला माणूस परत येतो, असा माझा अनुभव आहे.) मग म्हणाला, तळ्याच्या काठी चुना फार साठतो आणि त्यामुळे सोयाबीनला लोह मिळत नाही. त्यापुढचं मी ऐकलं नाही, कारण उपाय माझ्या डोक्यात आलाच होता. (लव्हर्न आता सांगतो की तो पुढे म्हणाला होता, लोह मातीत भरपूर आहे, चुना ते सोडत नाही एवढंच. हे त्याने आधी सांगायला हवं होतं.)

मी लोखंड पेरलं, ताई. कोठारामागचे कुळवाचे मोडके दाते, घोड्यांचे नाल, माझ्या बोर्गहिल्डच्या जुन्या चुलीचं दार (बिचारी असती तर तिने मला त्या दारासकट पुरलं असतं), आणि माझ्या सासूबाईंची लोखंडी खाट. गुडघ्यामुळे फार खोल खणलं नाही. शेजारचा ट्याडेन कुंपणाला टेकून सगळं बघत होता. म्हणाला, "हाल्वोर, यंदा चूल पेरलीस. पुढच्या वर्षी तवे काढायला माणसं लागली तर हाक मार."

वसंतात बर्फ गेला आणि आम्ही नेहमीसारखे दगड वेचायला उतरलो. दर वर्षी वेचतो आणि दर वर्षी तेवढेच वर येतात. थंडी खालून ढकलते असं लव्हर्न म्हणतो. ढकलत असेल. पण या खेपेला दगडांबरोबर माझं सगळं पीकही वर आलं होतं. दाते, नाल, चुलीचं दार. सासूबाईंच्या खाटेचे पाय आधी वर आले. त्या हयात असतानाही न बोलावताच येत. ट्याडेनने टोपी काढून खाटेला नमस्कार केला.

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं, पण त्या तरुणाने मातीवर काहीतरी आंबट टाकून ती कशी फसफसते ते दाखवलं होतं, आणि ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आर्डिसच्या बीटच्या लोणच्यासाठी आणलेलं व्हिनेगर घेऊन मी शेतात गेलो. कडेच्या मातीवर ओतलं की ती फसफसते. कान लावला तर आवाज येतो, पाद्रीबाबा यायच्या आधी चर्चमध्ये माणसं कुजबुजतात तसा. शब्द कळत नाहीत, पण आपल्याबद्दल चाललंय असं वाटतं. मी निरनिराळ्या जागी ऐकलं. मातीतून तळ्यातल्या गोगलगायींचे शंख निघतात, नखाएवढे, पांढरे, कालच मेल्यासारखे ताजे. ही माती काही कुजवत नाही बघ. सांभाळून ठेवते. मी असा कान लावून पडलेला ट्याडेनला दिसलो, आणि दोन दिवसांत पाद्रीबाबा घरी आले. कॉफी प्यायले आणि हळूच विचारलं, मी जमिनीची प्रार्थना करू लागलोय का. मी म्हटलं, नाही, नुसतं ऐकतोय. त्यांना ते जास्तच वाईट वाटलं. आर्डिसने व्हिनेगर कुलपात ठेवलं.

पण ऐक, उपाय अगदीच वाया गेला नाही. जुलैत पिवळं कडं पडलं, पण उन्हाळा सरता सरता त्यात एक फट दिसू लागली. घराच्या बाजूला, पाऊलवाटेच्या रुंदीची, हिरवीगार. मी म्हटलं, बघा माझं लोखंड! लव्हर्न म्हणतो, पूर्वी गुरं तिथून पाण्यावर जात, शेणाचा कस आहे. असेल. तेव्हा ताई, नव्या नळ्या पडल्या की पाणी जाईल, पीक सुधारेल, आणि माझ्या डोक्यातलं खूळही जाईल, असं सगळ्यांचं मत आहे आणि माझंही आहे. होकार पाठव.

तुझा भाऊ,
हाल्वोर

ता. क. लव्हर्नने पत्र वाचलं. शुद्धलेखन तपासायला म्हणून तो माझी सगळी पत्रं वाचतो. "बाबा, छान लिहिलंय, पण आजीच्या खाटेचं काढा," म्हणाला. मी काढलं नाही.

ता. क. २. तो आता यंत्रवाल्याशी बोलायला गेला आहे, म्हणून हे बियाण्याच्या पिशवीच्या कागदावर लिहून आत सरकवतो आहे. होकार पाठवू नकोस. मी लोखंड घराच्या बाजूला पेरलंच नव्हतं. तिथली जमीन कडक, माझा गुडघा हा असा. मी पलीकडे, ट्याडेनच्या कुंपणालगत पेरलं, आणि तिथे एक पान हिरवं झालं नाही. हिरवी फट आहे ती जागा तुला ठाऊक आहे. आपण तिघं भावंडं तिथूनच तळ्याच्या बर्फावर उतरायचो. आई चुलीतली राख टाकायची, आपल्या धाकट्या एल्लिंगचा पाय घसरू नये म्हणून.

ता. क. ३. दगड वेचताना मधोमध, जिथे ऐकलं की फसफस थांबता थांबत नाही, तिथे मला आणखी एक लोखंड सापडलं. ते मी पुरलेलं नव्हतं. बर्फावर घसरायला बुटाला बांधतात ती, डाव्या पायाची स्केट. पात्याला गंज आहे, पण लहान आहे, माझ्या पंज्याएवढी, आणि वडिलांनी लावलेला तांब्याचा खिळा जागच्या जागी आहे. मी ती ओट धान्याच्या पेटीत लपवली आहे, कुणाला दाखवलेली नाही. त्या वर्षी वसंतात बर्फ वितळून एल्लिंग तळ्यात सापडला तेव्हा त्याच्या एकाच पायात स्केट होती, ती आईने ठेवली आणि आईच्या पेटीबरोबर ती तुझ्याकडे गेली. यंत्र मधोमध खोल चर पाडत जाणार आहे. तिथे अजून काय सांभाळून ठेवलंय ते मला माहीत नाही, पण ते यंत्राने वर काढावं असं मला वाटत नाही. जमीन तुझी आहे. तू नाही म्हटलंस तर लव्हर्न ऐकेल, माझं तो ऐकत नाही.

आणि आणखी एक, जे मी ट्याडेनलाही सांगितलेलं नाही. ती हिरवी वाट काठाकडून आत गेलेली नव्हती. मी रोज माळ्यावरून बघत होतो. जुलैच्या सुरुवातीला ती फक्त मधोमध होती, बाकी शेताहून गडद, एका माणसाच्या उभं राहण्याएवढी. मग ती काठाकडे वाढू लागली. पानं गळाली तोवर तिने कडं ओलांडलं होतं आणि आपल्या अंगणाच्या कुंपणाला टेकली होती.

ती दुसरी स्केट जपून बांधून पाठव. एका पायावर त्याला नीट येता यायचं नाही, तुला माहीतच आहे. आणि उत्तर लगेच टाक, ताई, जमीन गोठायच्या आत. माझ्या नावाने टाक, लव्हर्नच्या नव्हे.