आर्डिस आणि मधली रेषा

९ जानेवारी, गुरुवार

पाच! शंभर वर्षांतल्या फक्त पाच!

कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलला यंदा शंभर वर्षं होतायत म्हणून खेळाच्या हॉलच्या भिंतीवर सर्वांत थोर पाच खेळाडूंची नावं लावायची आहेत. निवडणारे आम्ही सात जण. आज लायब्ररीत पहिली बैठक झाली. ट्रेंट अध्यक्ष — कॉलेजचा क्रीडाप्रमुख, वय जेमतेम अडतीस, बोटं सतत लॅपटॉपवर. त्याने पडद्यावर एक तक्ता लावला. कोणी किती गुण केले, वरून खाली. पहिलंच नाव माझं. व्हर्ना होल्टकँप. जरा मिरवावंसं वाटलं, खोटं कशाला लिहू!

मग मी विचारलं, आर्डिस ब्रेके कुठाय? खाली, खाली, आणखी खाली. शेवटी सापडली. गुण : शून्य. ट्रेंट म्हणाला, टायपिंगची चूक असणार.

चूक कसली! त्या काळी आम्ही सहा जणी खेळायचो. तीन फॉरवर्ड एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात. मधली रेषा कोणी ओलांडायची नाही. दोन टप्प्यांच्या वर चेंडू आपटायचा नाही. बास्केट टाकायची ती फॉरवर्डनेच. मी फॉरवर्ड, आर्डिस गार्ड. चार वर्षं ती अडवत राहिली, चेंडू काढून रेषेपलीकडे मला देत राहिली. एकदाही बास्केटकडे चेंडू टाकायची तिला मुभाच नव्हती. मग गुण कुठून येणार, आकाशातून?

सगळं सांगितलं. ट्रेंटने ऐकलं, मान हलवली, आणि म्हणाला, "पण मग मोजायचं कसं?"

घरी येईपर्यंत डोकं फिरलेलंच होतं. वरून उणे अठरा, आणि गाडीचा हीटर मेलेला.

१२ जानेवारी, रविवार

चर्चच्या तळघरात कॉफी घेताना आर्डिसला सांगितलं की तुझं नाव भिंतीवर लावणार म्हणजे लावणारच. ती पीनट बटरची वडी खात होती. संपवली, बोटं पुसली, म्हणाली, "भिंतीवर लटकून मी करू काय?"

ही अशीच. अठराव्या वर्षापासून. मी बोलायचं आणि हिने अडवायचं.

एप्रिलमध्ये ती ॲरिझोनाला चालली आहे, लेकीकडे, पॅटीकडे, कायमची. पॅटी म्हणते, या वयात एकटीने बर्फ उपसू नकोस. खरंच आहे ते. मी काय बोलणार? पण साठ वर्षं पलीकडच्या शेतावर राहिलेली बाई. रात्री स्वयंपाकघरातून तिचा दिवा दिसतो. जाण्याआधी तिचं नाव त्या भिंतीवर दिसलं पाहिजे. बस, एवढंच माझं म्हणणं आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

दुसरी बैठक. म्हातारा मर्ल — तीस वर्षं रेडिओवर आमच्या मॅचेस सांगितल्या त्याने — म्हणतो, ज्यांनी राज्याचं विजेतेपद आणलं त्याच थोर. बँकेतल्या बाईंचं मत, उंच जोआनला कोणी हात लावायचा नाही. जोआन चांगलीच होती, पण तिच्याशी खेळायला समोर होतं कोण? दीड तास नुसती रस्सीखेच. टेगनच्या नावावर मात्र सगळे एक. अजून शेवटच्या वर्षात आहे पोरगी. या महिन्यात माझा विक्रम मोडणार. मोडू दे. (मोडू नये असंही वाटतं. वहीत लिहायला काय जातंय.)

आर्डिसचा विषय काढला की सगळे प्रेमाने हसतात. त्या हसण्याचा मला फार राग येतो. चहाला बोलावलेल्या आजारी मावशीकडे बघून हसतात तसं.

फक्त कोच मारीसा हसली नाही. मला जिन्यात गाठून म्हणाली, मंगळवारी सरावाला तिला घेऊन या, पोरींना तुमच्या नियमांनी खेळवून बघू. आमचा बचाव म्हणजे चाळण झालाय. ट्रेंटलाही बोलावते.

ही पोर हुशार आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

आर्डिसला सांगितलं, सामान आणायला जाऊ. कॉलेजकडे वळल्यावर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. उतरली मात्र.

हॉलमध्ये शिरलो. कॉफी आणि खुर्च्या समोरच्या टोकाला. आम्ही दोघी सरळ निघालो. मधल्या रेषेपाशी मी पुढे गेले आणि पाहते तर शेजारी आर्डिस नाही! रेषेपाशी थांबली होती. मग वळली आणि भिंतीच्या कडेकडेने, अख्ख्या कोर्टाला वळसा घालून खुर्चीपाशी आली.

"अगं, आता कोण शिट्टी वाजवणार आहे?" मी म्हटलं.

"माझी बाजू नाही ती," म्हणाली, आणि कॉफी ओतून घेतली.

मारीसाने पोरींचे दोन गट पाडले. दाराकडच्या अर्ध्यात टेगन आणि दोन फॉरवर्ड, समोर तीन गार्ड. दोनच टप्पे, रेषा ओलांडायची नाही. पहिल्यांदा सगळ्या खिदळत होत्या. टेगनने पाच-सहा बास्केट सहज टाकल्या. ट्रेंट भिंतीला टेकून उभा. त्याच्या चेहऱ्यावर "बघा, म्हटलं होतं ना" असं काहीसं.

मग आर्डिस उठली. कोणी बोलावलं नव्हतं. ब्रिन नावाची बुटकी, लाल केसांची गार्ड आहे, भिंतीच्या कडेने तिच्यापाशी गेली. तिचे दोन्ही खांदे धरून तिला अर्धं पाऊल डावीकडे सरकवलं, गुडघ्यावर टपली मारली — वाक. सगळं हळू आवाजात, मला तुटक-तुटक ऐकू आलं. डोळ्यांकडे बघू नकोस, डोळ्यांनी ती फसवते. चेंडूकडेही नको. कंबर बघ. कंबर जाते तिकडेच माणूस जातो. आणि धावू नकोस, आधी जाऊन उभी राहा.

टेगन डावीकडे गेली, ब्रिन तिथे. उजवीकडे गेली, तिथेही ब्रिन. दोन टप्पे संपले, चेंडू हातात आणि जागाच नाही! पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी टेगनने वैतागून चेंडू दिला भिरकावून. मग टेगन स्वतःच आर्डिसपाशी आली, घामाने निथळत, आणि म्हणाली, "मिसेस ब्रेके, तुम्ही समोर असता तर मी किती गुण केले असते?"

आर्डिसने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"केले असतेस थोडे," ती म्हणाली. "मुलगी चांगली आहेस तू."

मला मिठी मारावीशी वाटली तिला. पण आर्डिसला मिठ्या चालत नाहीत.

येताना आम्ही राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खाल्ले. आर्डिसने दुसरा रोल मागवला.

२८ जानेवारी, मंगळवार

आज परत गेली. मी न सांगता! मारीसाने फोन केला होता म्हणे. मी नुसती गाडी चालवली. कॉफीकडे जाताना पुन्हा तोच वळसा.

टेगनने शनिवारी माझा विक्रम मोडला. रेडिओवर ऐकलं. टाळ्या वाजवल्या, एकटीने, स्वयंपाकघरात.

३० जानेवारी, गुरुवार

मतदान झालं. हरलो.

जे स्वतः उमेदवार त्यांनी मत द्यायचं नाही, असा नियम. म्हणजे मी बाद. आर्डिसच्या बाजूने तीन, विरुद्ध दोन. मारीसा आपली, कॉलेजची नर्स आपली, आणि — विश्वास बसत नाही — मर्लसुद्धा! म्हणाला, तीस वर्षं मी चेंडू घेऊन पळणारीचंच नाव घेत आलो.

ट्रेंटचं मत राहिलं होतं, आणि बरोबरी झाली तर अध्यक्षाचं मत निर्णायक. ट्रेंटने लॅपटॉप मिटला. त्या मंगळवारी सरावात पाहिलं ते मला आवडलं, म्हणाला, अगदी मनापासून. "पण उद्या कोणीही विचारेल की ही का, दुसरी का नाही. मी दाखवू काय?" आणि त्याने नाही म्हटलं.

मी म्हटलं, मी माझं नाव मागे घेते, मग मला मत आहे. सगळे दचकले. ट्रेंटने सोमवारपर्यंत मुदत दिली. विचार करा म्हणाला. माझा विचार झालेला आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार

आर्डिसकडे गेले. वाटलं होतं, निदान आज तरी विरघळेल.

भांडी विसळत होती. माझं सगळं ऐकलं, नळ बंद केला. इतकी रागावलेली मी तिला कधी पाहिलेली नाही. आवाज मात्र नेहमीसारखाच.

"नाव काढलंस तर तुझ्याशी बोलणार नाही, व्हर्ना. तू बास्केट टाकाव्यास म्हणून मी तिथे उभी होते. तुझं नाव गेलं तर मी उभी होते कशाला?"

मी तिच्या खुर्चीत बसून रडले. तिने समोर पेपर टॉवेल ठेवला आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. बाहेर अंगणात 'घर विकणे आहे' ची पाटी लागली आहे. बर्फात कशीबशी ठोकलेली, वाकडी.

३ फेब्रुवारी, सोमवार

ट्रेंटला फोन केला. नाव राहू दे म्हटलं. तो म्हणाला, थँक यू. मी फोन आपटला. मग वाईट वाटलं. पोरगा वाईट नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सराव. आर्डिसने आता स्वतःची शिट्टी आणली आहे. कुठून आणली देव जाणे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

समारंभ झाला. हॉल खच्चून भरला होता. टेगन, जोआन, विजेत्या संघातल्या दोघी आणि मी, पाच जणी ओळीने मधल्या वर्तुळात उभ्या. मर्लने माइकवर एकेकीचं नाव घेतलं. माझ्या नावाला टाळ्या बऱ्या पडल्या.

दोन शब्द बोला म्हणाले. लिहून नेलेला कागद होता, तो काढलाच नाही. म्हटलं, माझे सगळे गुण अर्ध्या मैदानावरचे आहेत. दुसरं अर्धं मैदान तिथे बसलंय, चौथ्या ओळीत, हिरव्या कोटात, पॉपकॉर्न खातंय. माझ्याकडे चेंडू नेहमी तिच्याकडूनच यायचा.

सगळा हॉल तिच्याकडे वळला. ब्रिन आधी उभी राहिली, मग सगळा संघ, मग सगळेच. ट्रेंटसुद्धा. आर्डिसच्या मांडीवरचा पॉपकॉर्न सांडला. ती वाकून एकेक दाणा वेचत बसली, टाळ्या थांबेपर्यंत. पण मला तिचा चेहरा दिसला. मला तेवढं पुरलं.

गाडीत म्हणाली, "नाटकी बाई आहेस." मी म्हटलं, हो, आहेच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक झालं.

शुक्रवारी बाद फेरीची मॅच, म्हणून पोरी घाबरलेल्या. ब्रिन परत चेंडूकडे बघत खेळायला लागली. तीनदा टेगन तिला चकवून निघून गेली. आर्डिस आपल्या बाजूला उभी राहून शिट्टी फुंकत होती, कोणी ऐकेना. मग तरातरा निघाली. सरळ. मधली रेषा ओलांडून पार पलीकडच्या बास्केटखाली गेली आणि ब्रिनच्या समोर उभी राहिली — कंबर, कंबर, किती वेळा सांगू!

तिच्या लक्षातही आलं नाही. मी मारीसाकडे पाहिलं, मारीसाने माझ्याकडे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हरल्या. दोन गुणांनी. ब्रिन हमसून हमसून रडली. आर्डिस तिच्याशेजारी बसून राहिली, हात न लावता. मोसम संपला. एप्रिल आता लांब नाही.

२ मार्च, रविवार

बर्फ वितळतोय. चर्चला जाताना आर्डिसला घ्यायला गेले तर अंगणातली पाटी नाही. वाऱ्याने पडली का, विचारलं. काढून गॅरेजमध्ये ठेवली म्हणाली, पॅटीला फोनही झाला.

मी गाडी बंद केली. का, एवढंच विचारता आलं.

"ऑक्टोबरला सराव सुरू होतो," आर्डिस पट्टा लावत म्हणाली. "त्या पोरींना अजून नीट उभं राहता येत नाही."