धावड्याच्या सालीतले पहिले स्फटिक

सर,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते. आधी निरीक्षण, मग अनुमान, हे तुम्हीच शिकवलंत.

१. धावड्याच्या सालीतून वेगळं केलेलं आपलं द्रव्य काकवीसारखं चिकट राहत होतं. स्फटिक मिळत नव्हते, आणि स्फटिकांवाचून ते शुद्ध आहे हे बाहेर कोणी मानत नव्हतं.
२. एका संध्याकाळी ताईंच्या फ्लास्कच्या काठाशी पांढऱ्या सुया दिसल्या. ताई म्हणजे तुमच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या माझ्या सीनियर.
३. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, "मीठ असन. धुवून टाक." त्यांनी धुतलं.
४. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या फ्लास्कमध्ये तशाच सुया आल्या.
५. शोधनिबंध तुमच्या एकट्याच्या नावावर गेला. त्याच्या जोरावर संस्थेला नवी इमारत मिळाली. ताई पदवी न घेता निघून गेल्या.
६. आता त्या संस्थेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे.

पहिलं पान सोपं गेलं. बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम, विद्यापीठाने दिलेली चार टेबलं, आणि आढ्यातून अजूनही गाळणकागदावर उतरणारे कापसाचे तंतू. नंतर तुमची ती सकाळ येते. नव्या विद्यार्थ्यांना ती पहिल्याच दिवशी सांगतात. मी आताच्या संचालकांना म्हटलं, यात मला एक गोष्ट तपासायची आहे. ते म्हणाले, "मॅडम, इतिहास लिहायचाय, चौकशी अहवाल नाही."

तपासायचं काय, ते तुम्हाला सांगायला नको. अडलेल्या द्रावणात त्याच द्रव्याचा एक स्फटिककण पडला की बाकीचं सगळं स्फटिक धरतं. आपण त्याला विरजण म्हणायचो. हा कण डोळ्यांना दिसेल एवढाही लागत नाही. बाहीवरून येतो, नखातून येतो. म्हणून एखादं द्रव्य खोलीत एकदा कोणाच्या हातून धरलं की मग सगळ्यांच्याच हातून धरतं. तराजूच्या खोलीत खुंटीला एकच ॲप्रन असायचा. संध्याकाळी तो ताईंनी घातला, सकाळी तुम्ही. कण बाहीवरून आला, तुम्हाला कळलंही नाही. मी कित्येक वर्षं हेच मानलं, कारण मानायला ते सोयीचं होतं.

पण तो चमचा राहतो. मी बेसिनपाशी पिपेट धुते आहे. तुम्ही ताईंचा फ्लास्क खिडकीशी नेता, स्टीलच्या पातळ चमच्याने काठ खरवडता, उजेडात धरून पाहता. "मीठ असन," म्हणता. ताई फ्लास्क घेऊन माझ्याकडे येतात, मी बाजूला सरकते, आणि तुम्ही तो चमचा शर्टाच्या खिशात घालता. न पुसता. त्याच्या थोडे दिवस आधी याच गोष्टीवरून तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलं होतं: "काय वं पोरी, खिशात दुसरी लॅब उघडून राह्यली का?" सगळे हसले, तुम्हीही हसलात. मी मात्र त्यानंतर वापरलेला चमचा कधी खिशात घातला नाही. तुम्ही घातलात. आणखी एक. मीठ असतं तर थेंबभर पाण्यात विरघळलं असतं. पहिल्याच प्रॅक्टिकलला तुम्ही आम्हाला ते करायला लावलं होतं. त्या संध्याकाळी पाण्याचा नळ हाताच्या अंतरावर होता. तुम्ही थेंब टाकला नाही.

मग तुम्ही मला घरी जेवायला बोलावलंत. काकूंनी स्वयंपाकघरातच पाट मांडले, झुणका-भाकर वाढली. जेवण झाल्यावर तुम्ही तुमचा स्वतःचा थर्मामीटर माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "तुही नजर चांगली आहे." मला आनंद झाला होता. आज त्याच वाक्याचा अर्थ लावत बसते. नजरेचं कौतुक केलंत, की तिने काय पाहिलं ते विचारलंत?

परवा महागावला गेले होते. ताईंचं तिथे कृषी केंद्र आहे. एका म्हाताऱ्याला त्या सांगत होत्या, "काका, हे औषध नोका घेऊ, कपाशी जळन तुमची." मला पाहून म्हणाल्या, "काहून आली वं इतक्या दुरून?" मी चमच्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला. "सर गेले, संपलं. आता त्यांच्या खिशात हात घालून काय भेटन तुले?"

"तुम्हाला नको असेल तर काहीच नाही लिहीत," मी म्हटलं.

त्या बराच वेळ पावत्यांवर शिक्के मारत राहिल्या. "माह्या बापानं तांड्यात सांगून ठेवलं होतं, पोरगी डॉक्टर होऊन येते म्हणून. लोक अजून इचारतेत, इंजेक्शन कवा देतं?" हसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लिहशीन तं पूर्ण नाव लिहजो. मंधात बापाचं पाहिजे."

तेव्हा पहिले स्फटिक त्यांच्या हातून आले, हे मी वडिलांच्या नावासकट लिहिणार आहे. त्याला तुमच्या परवानगीची गरज नाही, ते मी पाहिलेलं आहे. अडलंय ते पुढच्या वाक्यावर. तुमच्या फ्लास्कमध्ये कण नकळत आला, की तुम्ही टाकलात? दोन्ही वाक्यं तयार आहेत. पुराव्याकडे पाहिलं तर दुसरं लिहायला हवं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी ते दुसरं वाक्य टाइप करायच्या आधी लिहायला बसले. कबूल करते, पहिलं खरं निघावं असं मला अजून वाटतं.

तो चमचा खिशात का घातलात, एवढंच सांगा. मजकूर शुक्रवारी संध्याकाळी छपाईला जातो. त्याआधी कळवावे.