मशीन आलं, कुंदाताई गेल्या

बोरिवली (प.),
११ ऑगस्ट २०२५

ती. रत्नप्रभा आत्यास,
गंधालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं यंत्र अजून डबीतच ठेवतेस हे वाचून नवल वाटलं नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि इथे मी फोनवर बोलले की दोन्ही खोल्या ऐकतात, म्हणून ही पत्रं. नितेश म्हणतो, विक्रोळी ते बोरिवली एवढ्या अंतराला पोस्टाचं तिकीट लावणाऱ्या जगात तुम्ही दोघीच उरल्या असाल.

इथल्या बाबांची, माझ्या सासऱ्यांची, तब्येत आहे तशीच आहे. झटका येऊन दीड वर्ष होत आलं, उजवी बाजू हलत नाही, शब्द फुटत नाही, पण समजतं सगळं. परवा डॉक्टर त्यांच्यासमोरच मला म्हणाले की आता हे असंच चालायचं, तर बाबांनी डाव्या हाताने चादर तोंडावर ओढून घेतली. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर, पातळ खाणं. नितेश सकाळी आठला जातो तो रात्री नऊला येतो. 'सहा महिने सुट्टी घे' म्हणून ऑफिस सोडलं होतं, ते सहा महिने कधी संपले ते कुणी विचारलं नाही, मीही नाही.

आता गंमत. मी घरी एस्प्रेसोचं मशीन घेतेय. हसू नकोस. अंधेरीला नकाशे तपासायची नोकरी होती तेव्हा खालच्या दुकानातली कॉफी रोजची होती, ती सवय काही सुटली नाही. दुपारी कुंदाताई बाबांपाशी बसायला येतात तेव्हा मी चिकूवाडीतल्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसते. तिथे मी कुणाची वहिनी नाही की सून नाही. कपावर माझं नाव लिहितात.

नोकरीचे उरलेले पंचवीस हजार आहेत, त्यात बसवायचंय. महिनाभर वाचून एवढं कळलं की नवशिके सगळे पैसे मशीनवर घालतात आणि फसतात. खरं काम ग्राइंडरचं. मिक्सरचं पातं कॉफीच्या बिया तोडतं, दळत नाही. जात्यासारखे दोन दाते एकमेकांवर फिरले तरच भुगा एकसारखा बारीक पडतो, आणि तो तसा नसेल तर लाखाच्या मशीनमधूनही आंबट पाणीच येतं. म्हणून ठरवलंय, हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर आधी, मग उरतील त्यात साधंसं मशीन. बाबा कारखान्यात फिटर होते ना, त्यांना ग्राइंडरच्या दात्यांचा फोटो दाखवला तर मान हलवून कितीतरी वेळ बघत राहिले.

नितेशही खूश आहे. म्हणाला, घे ना, मग तुला उन्हातान्हात खाली जायची गरज नाही आणि कुंदाताईंची दुपारही बंद करता येईल, त्या पैशांत मशीन जरा भारीतलं येईल. बघू.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो वरचेवर लिहून कळवत जा.

तुझी,
गंधाली


विक्रोळी (पू.),
१८ ऑगस्ट २०२५

चि. गंधालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. 'सौ.' लिहिलेलं नाही. तुझ्या नावाला दुसऱ्या कशाच्या टेकूची गरज नाही, हे मी तुझ्या लग्नातही बोलत होते, तर तुझ्या याच सासऱ्यांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला होता.

बाय माझे, तू मशीनवर पानभर लिहिलंस आणि कुंदाताईंवर शेवटची ओळ. पान मी एकदा वाचलं. ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

आमच्या चाळीत सगळ्यांत मिळून एक नळ होता हे तुला ठाऊक आहे. खोलीखोलीत नळ आला त्या दिवशी माझ्या आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. मीही नाचले. हंडे वाहायची हौस कुणाला असते? पण त्या एका नळावर बायका तासभर उभ्या राहायच्या. कुणाचा नवरा हात उचलतो, रेशनवाला कुठे माप मारतो, ते तिथे कळायचं. रॉकेलसाठी काढलेला आमचा पहिला मोर्चा त्या नळावर ठरला. नळ घरात आला आणि ती बैठक मोडली. ती दुसरीकडे भरवताना आमचा घाम निघाला, कारण बायकांना घराबाहेर पडायला कारणच उरलं नव्हतं. कुणी त्यांना कोंडलं नव्हतं, गो. सोय केली होती.

मी नळाच्या विरुद्ध नाही आणि तुझ्या कॉफीच्याही नाही. मी आयुष्यभर कारखान्याच्या गेटवर उभी राहून एकच गोष्ट सांगत आले: मालक काही देतो तेव्हा आनंदाने घ्या, पण बदल्यात काय उचलून नेतो ते आधी बघा. मालक वाईटच असतो असं नाही. नितेश तर मुळीच वाईट नाही. म्हणून तर तू 'बघू' म्हणालीस. वाईट नवऱ्याला तू 'नाही' म्हणाली असतीस.

मशीन घे, नको घेऊ, तुझे पैसे आहेत. पण कुंदाताईंची दुपार सोडू नकोस. त्याला स्पष्ट सांग की ती अट आहे, आणि हे मशीन यायच्या आधी सांग. आल्यावर सांगशील तर ते गाऱ्हाणं ठरेल.

माझे गुडघे बरे, कान नाहीत. दोन्हींची काळजी नको. रागावलीस तरी उत्तर पाठव, रागावलेलं पत्र मला जास्त आवडतं.

तुझी आत्या,
रत्नप्रभा


बोरिवली (प.),
७ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुला रागावलेलं पत्र आवडतं, तर हे घे.

गणपतीला नितेश गावी गेला. घरच्या गणपतीत यंदा पूजेची पाळी आमची होती, जाणं भाग होतं. बाबांना सोडून मला निघता येईना, म्हणून मी इथेच राहिले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. व्हिडिओवर आरती दाखवली त्याने. बाबा रडले, मी फोन धरून उभी होते. मला मागे ठेवल्याचं त्याला लागलं असणार, कारण गौरी-गणपती करून परत आला तो मोठा खोका घेऊन. माझ्या यादीतलं नव्हे, चकचकीत, स्टीलचं, घड्याळासारखा काटा असलेलं. माझे पंचवीस तर गेलेच, वर त्याने स्वतःचे घातले. ग्राइंडरला काही उरलं नाही. म्हणाला, मिक्सर आहे ना घरात.

मशीनला हळदकुंकू, पुढे नारळ फोडला. शेजारचे बोलावले. मी सांगत होते की थांबूया, ग्राइंडर आल्यावर करू, पण नारळ फुटल्यावर कोण थांबतंय. मिक्सरचं एकच भांडं कोरडं होतं, मालवणी मसाल्याचं. किती घासलं तरी त्यातलं दगडफूल जात नाही हे तुला सांगायला नको. बियांचे तुकडे झाले, पाणी त्यातून भसकन खाली आलं, पिवळट, आंबट, आणि वास थेट कोंबडीच्या रश्शाचा. सगळे माझ्याकडे बघत होते. नितेशचा चेहरा असा होता, आत्या, दहावीचा निकाल लागायचा असावा तसा. मी पूर्ण कप प्यायले आणि म्हणाले, छान झालीय.

तेव्हाच त्याने सांगितलं की कुंदाताईंना या महिन्यापासून दुपारी येऊ नका म्हणून कळवलंय. शेजारीण म्हणाली, नशीब काढलंस हो, घरातच हॉटेल आणून दिलं.

तेव्हापासून मी खाली उतरलेले नाही. दूध दारात येतं, भाजी दारात येते, औषधं दारात येतात, आता कॉफीही आत आहे. कुणी विचारलं की बाहेर का जायचंय, तर सांगायला एक कारण शिल्लक नाही. दुपारी बाबा छताकडे बघतात आणि मी मशीनच्या स्टीलमध्ये स्वतःला. हे पत्रसुद्धा वॉचमनच्या हाती द्यावं लागणार.

तू लिहिलंस, अट घाल. तुझं सगळं पटलं. पण घोषणा दिल्याने पाठीला जखम व्हायची थांबत नाही. मी अट घातली, तो 'बरं' म्हणाला नाही, तर? मी चपला घालून निघून जाऊ? बाबांना कुशीवर कोण वळवेल? त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. ते माझ्याहून जास्त कोंडलेले आहेत, आणि हेच मला कुणापाशी तक्रार करू देत नाही. गेटवर भाषण करून माणूस घरी जातो, आत्या. मी घरीच आहे.

लिहिलं ते लिहिलं, फाडत नाही. माया कमी करू नकोस.

गंधाली


विक्रोळी (पू.),
१२ सप्टेंबर २०२५

चि. गंधालीस,
आशीर्वाद.

तुझ्या शेवटच्या परिच्छेदावर माझ्याकडे भाषण नाही. म्हणून गुरुवारी येते. लिंक रोडवरून बस मिळते, अकरापर्यंत पोचेन, सहापर्यंत थांबेन. यापुढे दर गुरुवारी.

कूस कशी बदलायची, पावडर कुठे, काय भरवायचं, ते पहिल्या तासात मला दाखव. हसू येईल, पण मी तालमीत वाढलेल्या भावांची बहीण आहे, तुझ्या सासऱ्यांना सहज उचलेन. मला ऐकू येत नाही, त्यांना बोलता येत नाही, आमचं उत्तम जमेल. लग्नातलं भाषण अर्धं राहिलं होतं, तेही पुरं करीन. या वेळी माइक नाही.

दुसरा तास सुरू झाला की तू बाहेर पडायचंस. कुठे जाणार हे मला सांगायचं नाही आणि येताना माझ्यासाठी काही आणायचं नाही. कारण न देता बाहेर पडायची सवय मोडली आहे तुझी, ती पुन्हा लावायची.

नितेशशी मी बोलणार नाही. ती सभा तुझी आहे. एवढंच सांगते, कप रिकामा करून 'छान' म्हणालीस ना, तिथे वाट लागली. त्या माणसाला खरं कळायचा मार्गच तू बंद केलास. चांगला माणूस आहे, पण चांगल्या माणसालाही कुणीतरी सांगावं लागतं.

स्वयंपाक करून ठेवू नकोस, डबा आणते. भेटीअंती बाकीचं.

आत्या


बोरिवली (प.),
६ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दोन गुरुवार तू आलीस, तिसऱ्याला दसरा म्हणून नाही, आणि त्या मधल्या दिवसांत बरंच घडलं. आधी तुझं. तू गेल्यावर बाबा गाढ झोपतात. नितेश म्हणतो औषध लागू पडलं, मी म्हणते दमतात बिचारे. पण तू यायच्या आदल्या बुधवारी संध्याकाळी त्यांनी खुणेने दाढी करून मागितली, हे तुला मुद्दाम कळवते.

पहिल्या गुरुवारी मी नुसती चालले, गोराईच्या जेट्टीपर्यंत गेले आणि उगाच परत फिरले. दर चार पावलांना फोन बघत होते. दुसऱ्या गुरुवारी अंधेरीला ऑफिसात गेले. तुला सांगायचं नव्हतं, आता सांगते. माझ्या वरच्या माधुरीताईंनी चहा मागवला आणि सरळ विचारलं की आठवड्याला तीन दिवस येतेस का, काम साचलंय. मी म्हटलं, कळवते. येताना बसमध्ये मी पर्स घट्ट धरून बसले होते, जसं काही चोरून आणलंय.

दसऱ्याला नितेशने घरातल्या हत्यारांबरोबर मशीनलाही झेंडू वाहिला. ती वेळ बोलायची नव्हती, पण माझ्याकडे दुसरी कुठली होती? मी सांगितलं की त्या दिवशीची कॉफी घाण होती. गंमत वाटली त्याला. मग सांगितलं की मी कॉफीसाठी बाहेर जात नव्हते, बाहेर जायला मिळावं म्हणून कॉफी प्यायचे, आणि ते त्याने बंद केलं. मग तो हसेना. म्हणाला, तुला घरात काय कमी आहे ते तरी सांग, आणून देतो. मी म्हटलं, नको, आणू नकोस, हेच सांगतेय. मी बोलत असताना बाबा जागे होते. त्यांनी चादर ओढून घेतली नाही. माझ्याकडे बघत राहिले.

तो दोन दिवस गप्प होता. तू असतीस तर त्या शांततेत भाषण केलं असतंस. मी एरवी चहा टाकला असता, काहीतरी गोड बोलले असते. या वेळी गप्प राहिले. फार कठीण गेलं.

शनिवारी त्याने स्वतः कुंदाताईंना फोन लावला. त्यांनी दुपारचं दुसरं घर धरलंय, दहिसरला. त्या तरी किती थांबणार. दुसरी बाई मिळता मिळत नाही. मशीन विकायला काढलं, तर शेजारीण अर्ध्याला मागते, वर म्हणते मसाल्याचा वास येतो. तेव्हा आत्या, सुटका वगैरे काही झालेली नाही. दार होतं तिथे आहे.

पण आज सकाळी मी माधुरीताईंना फोन करून 'येते' म्हणून सांगितलं. पुढच्या सोमवारपासून, सोमवार, गुरुवार, शुक्रवार. गुरुवारला तू आहेस. बाकी दोन दिवसांचं काहीही ठरलेलं नाही. सगळं ठरल्यावर हो म्हणायचं असतं तर मी या खिडकीत म्हातारी झाले असते. नितेशला आधी विचारलं नाही, त्यांना सांगून झाल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग सोमवारी बाबांपाशी कोण? मी म्हटलं, ते आता दोघांनी ठरवायचंय.

तो कामावर गेला नाही. बाल्कनीत जाऊन, आज येत नाही म्हणून फोन केला. मग आत आला, घड्याळ आणि अंगठी काढून टेबलावर ठेवली, बाबांच्या पलंगाशी बसला आणि मला विचारलं की कूस बदलताना पहिला हात कुठे धरायचा.

खांद्याखाली, असं सांगून मी लिहायला बसलेय. पहिल्यांदा चुकला. बाबांनी डाव्या हाताने त्याचा हात धरून योग्य जागी ठेवला.

माया आहे तेवढी पुरे, गुडघे सांभाळून ये.

तुझी,
गंधाली