काविळीची माळ

अण्णा, गेल्या आठवड्यात तुमची माळ मी कात्रीनं कापली. तुमचीच म्हणते, कारण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमची सून, माझी वहिनी, दर रविवारी ओसरीवर बसून काविळीच्या लोकांना मुळ्यांच्या तशाच माळा घालते, आणि माळ घातली की डॉक्टरच्या गोळ्या बंद, हे तुमचं पथ्यही न चुकता सांगते. माकणीकडची सात वर्षांची मुलगी. टायफॉइडचं औषध चालू होतं, मध्येच डोळे पिवळे दिसले, आणि घरच्यांनी गोळ्या सोडून थेट आपलं घर गाठलं. आठवड्यानं माझ्याकडे आणली तेव्हा अंग तापानं फणफणलेलं, पोट फुगलेलं, सुजलेलं यकृत हाताला लागत होतं. "माळ तर बेंबीपतूर आली मॅडम," तिची आई म्हणाली, "मग ताप का जात न्हाय?"

काय सांगू तिला? मुळ्या वाळून आक्रसतात, सैल गाठी सरकतात, म्हणून माळ वाढते, कावीळ उतरते म्हणून नव्हे. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला असताना मी स्वयंपाकघरात हे तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही भाकरी मोडत शांतपणे म्हणालात, "माणसं बरी व्हतात का न्हाय?" होत होती हो. साधी कावीळ बहुतेक आपली आपणच बरी होते, आणि डोळे पिवळे पडेपर्यंत ताप ओसरलेला असतो. इथं ताप हटत नव्हता, कारण टायफॉइडच यकृतावर गेला होता. वर्गात पोरांना प्रत्येक गणिताचा पडताळा करायला लावणारे तुम्ही, माळेचा पडताळा एकदाही केला नाहीत. अजून चिडचिड होते माझी. आणि वहिनीला फोन केला तर ती म्हणते, अण्णांनी घालून दिलेलं मी कसं मोडू.

पाच दिवस शिरेतून औषध चाललं. टायफॉइडनं आतडं फाटलं तर नाही ना, या धास्तीनं मी रोज तिचं पोट पुन्हा पुन्हा चाचपायचे. आज ताप उतरला, पोरीनं वरणभात मागितला.

माळ कापताना मी सगळ्या वॉर्डासमोर तिच्या आईला फाडफाड बोलले होते, असल्या अडाण्यांच्या नादी लागताच कशाला म्हणून. ती मान खाली घालून म्हणाली, "गुरुजींच्या घरची हाय ओ. देवमाणूस व्हते."  तेव्हापासून ती रोज राउंडच्या वेळी हात जोडते, चुकलं माझं म्हणते. ते घर माझं आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. माफी मात्र रोज घेते.