लढवय्याचा जोडधंदा

हे लिहायला मी आठवडाभर टाळाटाळ केली. आधी पेन सापडेना. सापडलं तेव्हा खिडकीची कडी बसवावीशी वाटली, आणि ती बसवताना खाली टायरच्या दुकानात चाललेलं भांडण ऐकत उभा राहिलो. भांडण मिटलं, कडी बसली, कागद कोराच. आता परवा ऑपरेशन आहे, म्हणून बसलोय.

तर मी, खाली सही करणारा, वय पंचवीस, धंदा विचाराल तर सध्या कुठलाच नाही, हे मृत्युपत्र राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवतो. हुशारीबद्दल दादाची हरकत असेल, ती त्याने स्वतःजवळ ठेवावी. माझ्या पोटात गाठ आहे. छोटी आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सोबत कोण येणार?" असंही त्यांनी विचारलं. मी भिंतीवरचं डोळ्यांचं चित्र बघत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि ते जास्त लागलं.

१. स्थावर मिळकत: नाही. खोली भाड्याची आहे. कडी आता खिडकीचीच झाली.

२. जंगम मिळकत: एक पत्र्याची पेटी. तीत रंगाऱ्याचे ब्रश, वायरमनची पक्कड, बेकरीतलं उलथनं आणि बोटीवर भांडी घासायला होतो तेव्हाचे रबरी बूट. ही पेटी माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. "एक ना धड, भाराभर चिंध्या" हे तो मला प्रत्येक जेवणात वाढायचा. आता भारा बांधून तयार मिळतोय, उचलावा. स्वेटरही त्यालाच, त्यानेच दिला होता. तो मात्र उबदार आहे, हे मान्य.

३. आता मुख्य मिळकत. माझा लढवय्या. हा माणूस खरा नाही, पण माझं म्हणावं असं तेवढंच आहे. दर रविवारी आम्ही तिघं शिंपीणताईच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाभोवती बसून खेळायचो. आपण एक पात्र घ्यायचं, त्याने काय केलं ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. बाकी सगळं जग ताई सांगायची, कारण ती सूत्रधार. गॅसच्या टाक्या पोचवणारा माझा दोस्त, ज्याला सगळे उंदीर म्हणतात, तो चोर व्हायचा. मी लढवय्या.

खेळातले शब्द ताईने मराठीत बेतले होते. अंगातलं बळ म्हणजे ताकद. समोरच्यावर पडणारा प्रभाव म्हणजे छाप. मला पहिल्या दिवशी वाटलं, छाप म्हणजे तलवारीचा वळ किती उमटतो ते. फासे टाकून आलेले आकडे या गुणांना वाटून द्यायचे होते, म्हणून त्यातला सगळ्यात मोठा आकडा मी छापेत टाकला.

उंदीर टेबलावर डोकं आपटून हसला. "ताई, हा शत्रूला मारणार नाही, लग्नाला बोलावणार!"

"बदलू का?" मी विचारलं.

"एकदा कापलं की कापलं," ताई म्हणाली. "आता शिव."

आणि तसंच झालं. माझ्या लढवय्याने दरोडेखोरांची टोळी नुसती बोलून घरी पाठवली. एका राक्षसाने तर त्याच्यापाशी स्वतःच्या सुनेच्या कागाळ्या केल्या. आणि मी? बसमध्ये 'थांबवा' म्हणायला लाजतो आणि एक थांबा पुढे उतरून मागे चालत येतो.

४. लढवय्या वरच्या पायरीला पोचला की त्याला दुसरी विद्याही शिकता येते. ताई त्याला जोडधंदा म्हणायची. छाप असलेल्याला तीन धंदे शोभतात. गवई गाण्यातून जादू करतो. करारवाला काळोखातल्या कुठल्यातरी शक्तीशी करार करून तिची विद्या वापरतो. शपथवाला एक शपथ घेतो आणि ती पाळेल तोवर त्याच्या हाताला तेज असतं.

"करार कर," उंदीर म्हणाला. "लांबूनच आग फेकायची. अंगाला घाम नाही."

"आणि आत्मा गहाण पडतो त्याचं?" ताई.

"नाहीतरी तो पडूनच असतो, ताई."

मला गवई आवडत होता, कारण गवयाला कुठेही भटकता येतं. पण त्याच रविवारच्या डावात उंदराचा चोर दरीच्या कडेला पाय मोडून पडला. माझा लढवय्या दोराच्या पुलाच्या मधोमध, समोर खजिना. "पुढच्या रविवारी ठरव," ताई म्हणाली. तो रविवार आलाच नाही. दुकानाची इमारत पाडली, ताई लेकीकडे गेली, उंदीर दुसऱ्या गावी कामाला लागला. लढवय्या अजून पुलावरच उभा आहे.

बोटीवर मी एकट्याने खेळून बघितलं. फासा चांगला पडला की मान वर व्हायची, आणि समोर भांड्यांची चळत. तेव्हापासून मन कराराकडे ओढतंय. गाण्याला ऐकणारं लागतं. करारात काळोख तरी असतो, आणि तो नावाने हाक मारतो.

५. तरीही, बरंच घोळवून, मी ठरवलंय. लढवय्याने शपथ घ्यावी. शपथेला छापेबरोबर ताकदही लागते. ती त्याच्याकडे जेमतेम आहे, पण आहे. शपथ अशी: जो मागे पडलाय त्याला टाकून जाणार नाही. त्याने पुलावरून मागे फिरावं आणि चोराला उचलावं. खजिन्याचं खजिना बघून घेईल.

हा लढवय्या, फाशांसकट, उंदराला. अट एकच, त्याला घेऊन एकट्याने खेळू नये. समोर दुसरं माणूस हवंच. येत नसेल तर शिकवावं.

उंदराला काल निरोप पाठवला, 'लढवय्या घेशील का?' उत्तर आलं, 'नाटकं करू नकोस. ऑपरेशन कुठे, कधी?' मी सांगितलं. फासे न्यायला यावं लागेल म्हणून खोलीचा पत्ताही दिला.

याआधी केलेलं दुसरं मृत्युपत्र नाही. सुरू केलेलं काही मी पुरं केलं, याचीही इथे नोंद व्हावी.

ठिकाण: टायरच्या दुकानावरची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या अलीकडचा रविवार, दुपार
सही: धाकटा

साक्षीदार १: घरमालकीण काकू. (सही करताना म्हणाल्या, "मेल्या, पंचविशीत कसलं मृत्युपत्र? अक्षर तरी नीट काढ.")
साक्षीदार २: टायरवाला, हात धुऊन येतोय.

ता. क. टायरवाल्याच्या आधी काकूंचीच हाक आली. जिन्याच्या तळाशी उभ्या राहून ओरडतायत, "अरे ए, कोणी बाई आल्यात, गळ्यात शिंप्याची टेप, थेट स्टँडवरून! गुडघे धरलेत, जिना चढवत नाही म्हणतात. कुणा उंदराने पत्ता दिला म्हणे. तू दवाखान्यातून घरी येईपर्यंत माझ्याकडेच राहणार आहेत, आणि मला विचारतायत, चोर व्हाल का!"