ऑर्डर काढली

सोमवार, संध्याकाळ

"ऑर्डर काढली." एवढंच उत्तर आलं होतं, आणि आम्ही सगळे खूश!

सकाळी आमच्या कारखान्याचे मालक अण्णा ऑफिसच्या एआय एजंटला म्हणाले, "मंद्रूपच्या लग्नाची चादरींची ऑर्डर आज काढा." म्हणजे माल बाहेर काढा, गाडीत भरा. त्यानं ऑर्डरच पुसून टाकली, आणि वर 'ऑर्डर काढली' म्हणून कळवलं! दुपारी नवरीच्या मामांचा फोन. "अवो म्याडम, उद्या आहेर द्यायचाय, चादरी कुटं हायत?" बघते तर कॉम्प्युटरवर ऑर्डरचा पत्ताच नाही. गठ्ठे गोदामात तसेच पडलेले.

एजंटचं काय चुकलं? तो जी टूल्स वापरतो, त्यांची वर्णनं मीच लिहिलीत; ती वाचूनच तो कुठलं वापरायचं ते ठरवतो. ऑर्डर रद्द करायच्या टूलपुढे मी काय लिहावं? "ऑर्डर काढते." बस्स. मला वाटलं, कळेल की! कसं कळेल? आपण बिल काढतो, फोटो काढतो, गाडी काढतो आणि डागही काढतो.

अण्णांनी स्वतःच्या गाडीतून चादरी पाठवल्या. मग मी वर्णन बदललं. "ऑर्डर कायमची रद्द करते. माल पाठवण्यासाठी वापरू नये. कुणी नुसतं 'काढा' म्हटलं, तर आधी विचारावं."

"ऑर्डर काढली." डोक्यातून जातच नाही.

घरी आले तर बाबा शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगत होते, "आमच्या पोरीनं नाव काढलं की!"

मी आधी विचारलं, "बाबा, काढलं म्हणजे नक्की काय केलं?"