शनिवारचा वाफारा

माय, आपल्या अंगणातली निलगिरी मागच्या उन्हाळ्यात तोडली. तुला सांगायचं राहूनच गेलं. आता सांगायला तू कुठे आहेस, हा भाग वेगळा.

कापसाची ती वाईट वर्षं होती. मारेगावच्या जिनिंगमध्ये तू तोंडाला पदर बांधून कामाला जायचीस आणि परत यायचीस तेव्हा तुझ्या भुवयांवरसुद्धा कापूस असायचा. माल येईना म्हणून जिनिंग मध्येच बंद पडायचं, पण तुझा खोकला काही सुट्टी घ्यायचा नाही. बाबा यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एका कारखान्यात होते, शनिवारी एसटीने घरी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. कारखान्याच्या कुंपणाला निलगिरीची रांग होती. तिथल्या चौकीदाराने त्यांना सांगितलं की या पानांचा वाफारा घेतला की छाती मोकळी होते. झालं. पुढच्या शनिवारी बाबा पत्र्याच्या डब्यात रोप घेऊन आले, सगळी वाट मांडीवर धरून, आणि हातपाय न धुता मोरीचं पाणी जिथे जातं तिथे ते लावून मोकळे झाले. ती जागा तुझी होती. तिथे तुझी वांगी होती, भाजीवर चिरून घालायचा सांबार होता, वालाचा वेल होता.

त्या झाडाला वाढायला कुणाची मर्जी लागली नाही. मी शाळेत होते तोवरच ते घराच्या वर गेलं. साल सुटून लोंबायची आणि आतून गुळगुळीत पांढरं खोड निघायचं, ते मला आवडायचं, नाही कशाला म्हणू. पण सावली नावालाच, कारण त्याची पानं खाली लोंबतात आणि ऊन मधून सरळ जमिनीवर येतं. पाणी मात्र सगळं तेच प्यायचं. वांगी वाळली, वेल गेला, आणि खाली पडलेली पानं कुजायचीसुद्धा नाहीत, नुसती करकरत पडून राहायची. तू फुटक्या घमेल्यात माती भरलीस आणि सांबार घराच्या पुढच्या बाजूला नेलास. शेजारणी सर्दीपडशाला पानं मागायला यायच्या, त्यांना तू ओंजळ भरून द्यायचीस.

आणि मग शनिवार. बाबा स्वतः पानं तोडणार, भगुण्यात उकळणार, तुझ्यापुढे ठेवून वरून गोधडी घालणार. तू बाहेर आलीस की विचारणार, "कसं वाटून राह्यलं?" तू डोळे पुसत म्हणायचीस, "मोकळं वाटते." तेवढ्यावर त्या माणसाचा आठवडा जायचा. एकदा ते कामावर परत गेल्यावर, मधल्याच एका दिवशी, तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस आणि मी मोठ्या हौसेने भगुण्यात पानं टाकते आहे. वास येतो तशी तू उठतेस आणि सगळं पाणी अंगणात ओतून देतेस.

"त्या वासानं माहा जीव कोंडते," तू म्हणतेस. "छाती अजून आवळते."

"मंग शनिवारी कायले घेतं वं?"

"तुह्या बाबाले यातलं काही सांगशीन तं पाय. त्यायच्या हाती दुसरं काय हाये माह्यासाठी?"

तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली आणि त्याचीही बोलणी मीच खाल्ली. पण मला तुझं पटलं नव्हतं. उगाच सोसणाऱ्या बायकांचा मला राग येतो, आणि तू गेल्यावर तो वाढला.

मागच्या उन्हाळ्यात वादळाने एक मोठी फांदी स्वयंपाकघराच्या टिनांवर पडली. मी तिथून नुकतीच उठले होते. मी म्हटलं, आता हे झाड तोडू. बाबा ऐकेनात. "तुह्या मायचे दिवस वाढवले त्यानं," म्हणाले. खरं काय ते माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी गिळलं. दोन दिवसांनी टिनांचं भोक बघत स्वतःच म्हणाले, "तोडा. तुह्या डोक्यावर पडलं असतं तं." झाड कापत होते तेव्हा ते घरात भिंतीकडे तोंड करून बसले होते.

पण निलगिरी अशी जात नाही. पावसाळ्यात बुंध्याला फुटवे आले. जुनी पानं विळ्याच्या पात्यासारखी लांब असायची, ही रुंद आणि राखाडी-निळी आहेत. बाबा रोज त्यांना बादलीभर पाणी घालतात. गेल्या आठवड्यात मला खोकला झाला, साधा, थंडीचा. बाबांच्या अंगात काय हुरूप आला. आता त्यांचे हात थरथरतात, तरी पानं त्यांनीच तोडली, पाणी त्यांनीच उकळलं. गोधडीखाली माझे डोळे झोंबले, छाती आवळली, आणि खोकला ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडात पदर कोंबला. आजवर मी तुला दुबळी म्हणत आले, माय. तिथे बसायला किती जोर लागतो ते मला ठाऊक नव्हतं. बाहेरून आवाज आला, "कसं वाटून राह्यलं?"

"मोकळं वाटते, बाबा."

त्यांचा चेहरा पाहिला आणि मला रडू आलं. त्यांना वाटलं वाफेने डोळ्यांत पाणी आलंय.

हा कागद घरात ठेवता येणार नाही. बाबा अजून चष्मा लावून हाती येईल ते वाचतात. आज पुन्हा शनिवार आहे, आणि इथून मला ते बुंध्याशी वाकून पानं तोडताना दिसताहेत. माझा खोकला केव्हाच गेला. ते त्यांना सांगायचं माझ्याने होत नाही. कागद चुलीत घालते, पाणी ठेवायचंच आहे.